झहीर खानचे सर्वोत्तम वर्ष कोणते?

अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील श्रीरामपूर हे साखरपट्ट्यातील गाव. ७ ऑक्टोबर १९७८ रोजी तेथे जन्मलेल्या झहीर खानने ९२ कसोटींत ३११, तर २०० एकदिवसीय सामन्यांत २८२ बळी घेतले. भारताच्या वेगवान गोलंदाजांत त्याचे स्थान वादातीत आहे. वाद आहे तो त्याच्या बहराच्या काळाचा. कोणी २००७ म्हणतो, कोणी २०११. आकडे मात्र तिसऱ्याच वर्षाकडे बोट दाखवतात.

पदार्पण २००० मधले. २००३ च्या विश्वचषकात त्याने १८ बळी घेतले, पण अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या आणि पुढे ७ षटकांत ६७. वेग होता, ताबा नव्हता. त्यानंतर दुखापतींनी गाठले आणि संघातील जागाही गेली. २००६ मध्ये तो वूस्टरशायरकडून कौंटी क्रिकेट खेळला. तेथे त्याने ७८ बळी मिळवले. धाव आखूड केली, दोन्ही बाजूंना चेंडू हलवण्याचे कसब पक्के केले. झहीरचे दुसरे पर्व येथून सुरू होते.

त्याचे फळ २००७ च्या इंग्लंड दौऱ्यात दिसले. तीन कसोटींत १८ बळी. ट्रेंट ब्रिजवर फलंदाजीला आला असता खेळपट्टीवर कोणी तरी जेलीबीनच्या गोळ्या टाकल्या. झहीर संतापला आणि दुसऱ्या डावात ७५ धावांत ५ बळी घेऊन त्याने हिशेब चुकता केला. पहिल्या डावातही त्याने ५९ धावांत ४ गडी टिपले होते. भारताने ही कसोटी सात गडी राखून जिंकली आणि १९८६ नंतर प्रथमच इंग्लंडमध्ये मालिका खिशात घातली. 'विस्डेन'ने २००८ च्या पाच सर्वोत्तम क्रिकेटपटूंत त्याची निवड केली. तरीही हे यश एका मालिकेचे आणि चेंडूला साथ देणाऱ्या हवामानातले होते, हे विसरता येत नाही.

२०११ च्या विश्वचषकाचे पारडे भावनेने जड होते. ९ सामन्यांत २१ बळी. शाहिद आफ्रिदीबरोबर संयुक्तपणे सर्वाधिक. बंगळुरूत इंग्लंड विजयाकडे निघाले असताना त्याने बेल व स्ट्रॉस यांना लागोपाठच्या चेंडूंवर बाद केले आणि सामना बरोबरीत सुटला. उपांत्यपूर्व फेरीत माईक हसीचा त्रिफळा उडवणारा 'नकल बॉल' तर रसिकांच्या तोंडी झाला. वानखेडेवरील अंतिम सामन्यात त्याची पहिली तीन षटके निर्धाव होती. (शेवटच्या षटकांत धावा गेल्या आणि पृथक्करण २ बाद ६० झाले, हे सहसा कोणाला आठवत नाही.)

मात्र सर्वांगाने पाहता २०१० चेच माप मोठे भरते. ९ कसोटींत ४७ बळी, सरासरी जेमतेम २२. संपूर्ण कारकिर्दीची सरासरी सुमारे ३३ आहे. मीरपूरला बांगलादेशाविरुद्ध त्याने सामन्यात १० बळी घेतले, त्यांत एका डावात ८७ धावांत ७. दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचे बळी धरू नयेत, असा आक्षेप घेतला जातो. ते दहा वजा केले तरी आठ कसोटींत ३७ उरतात. मोहालीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ८ बळी घेऊन तो सामनावीर ठरला. लक्ष्मणच्या झुंजीने एका गड्याने जिंकलेली तीच कसोटी. डिसेंबरमध्ये डर्बनला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ६ बळी, पुन्हा विजय. मोहालीसारख्या मायदेशातल्या खेळपट्टीवर जुन्या चेंडूने आणि डर्बनच्या उसळीवर नव्या चेंडूने तो तितकाच घातक ठरला. २००७ मध्ये त्याला साथ होती. २०१० मध्ये अनेकदा ती नव्हती.

विश्वचषक हा याच बहराचा शेवटचा टप्पा. जानेवारी २०१० ते एप्रिल २०११ असा एकच हंगाम धरला तर वाद फारसा उरतही नाही. जुलै २०११ मध्ये लॉर्ड्सवर त्याने स्ट्रॉस व कुक हे दोन्ही सलामीवीर तंबूत धाडले आणि १३.३ षटकांनंतर मांडीचा स्नायू दुखावल्याने मैदान सोडले. त्या मालिकेत तो पुन्हा उतरला नाही. भारत ०-४ ने हरला.