फिलेमोनाच्या खात्यावरचे देणे : वचन १० ते २२

वचन १०–१२. कैदेतला पौल अनेसिम या दासासाठी त्याच्या मालकाकडे, फिलेमोनाकडे, रदबदली करतो. अनेसिम पळून आला होता, ही परंपरेची समजूत. पत्र तसे स्पष्ट म्हणत नाही. तो परत जातो आहे, एवढे खरे. १८५० च्या अमेरिकेत, पळालेल्या गुलामांना परत धाडण्याच्या कायद्याचे समर्थक याच वचनांवर बोट ठेवत.

वचन १३–१४. मालकाच्या संमतीवाचून पौल काही करू इच्छित नाही. अनेसिमाच्या संमतीचा विषयच निघत नाही.

वचन १५–१६. दास आता भाऊ झाला; प्रभूमध्ये आणि देहानेही. मळेवाल्यांना धास्ती होती ती या ‘देहानेही’ची. वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी १८०७ साली लंडनला छापलेल्या निवडक बायबलातून इस्राएलांची मिसरातून झालेली सुटका गाळलेली होती. १८३३ साली जॉर्जियात चार्ल्स कोलकॉक जोन्स या पाळकाने याच पत्राच्या आधारे गुलामांना आज्ञाधारकपणाचा उपदेश केला, तेव्हा निम्मे श्रोते उठून गेले. इतके नेमके भाष्य मला कोणत्याही टीकाग्रंथात आढळले नाही. जमैकात सॅम शार्प हा बॅप्टिस्ट डीकन तर बायबल वाचूनच १८३१ च्या उठावाचा पुढारी झाला. पुढच्या वर्षी त्याला फाशी दिले.

वचन १८–१९. त्याचे काही देणे असेल तर माझ्या नावावर मांड, असे पौल लिहितो, तेही स्वहस्ते. औदार्य मोठेच, पण वही मालकाची. अनेसिमाने फुकट राबून काढलेल्या वर्षांची नोंद तीत कुठे आहे? ब्रिटिश संसदेने १८३३ साली हीच वही पुढे चालवली : मालकांना दोन कोटी पौंड भरपाई, गुलामांना छदामही नाही, उलट १८३८ पर्यंत ‘उमेदवारी’च्या नावाखाली सक्तीची मजुरी. बार्बाडोसमधील कॉड्रिंग्टन मळे शुभवर्तमान प्रसारक संस्थेचे. तिथल्या गुलामांच्या छातीवर एकेकाळी ‘सोसायटी’ असा डाग दिला जाई. त्या मळ्यांसाठीही ८,८०० पौंडांवर भरपाई मिळाली. ही सारी भरपाई देण्यासाठी सरकारने काढलेल्या कर्जाची शेवटची फेड २०१५ सालची. म्हणजे मुक्त झालेल्यांचे वंशजही ब्रिटनमध्ये कर भरून ती फेडत होते.

वचन २१–२२. सांगितल्याहून अधिक करशील, असा विश्वास पौल व्यक्त करतो आणि लगेच स्वतःसाठी खोली तयार ठेवायला सांगतो. म्हणजे तपासणीला येणारच! गुलामगिरीच्या या जुन्या देण्यापोटी २०२३ साली इंग्लंडच्या चर्चच्या विश्वस्तांनी दहा कोटी पौंडांचा निधी जाहीर केला. पुढच्याच वर्षी देखरेख गटाने तो अपुरा ठरवून एक अब्जाचे उद्दिष्ट सुचवले.