साच्याचा शब्द, वजनाचा शब्द

जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत ‘धनुष’ तोफ बनते. कारखाना १९०४ सालचा, तोफ आताची. तिचं माप १५५ मिलिमीटर, ४५ कॅलिबर असं सांगतात. पहिला आकडा नळीच्या तोंडाचा. दुसरा लांबीचा, तोंडाच्या पंचेचाळीस पट, म्हणजे जवळपास सात मीटर. त्याच गावात परवान्याच्या रायफलीला मात्र लोक ‘तीन सौ पंद्रह बोर’ म्हणतात. तोफेला कॅलिबर, रायफलीला बोर. या दोन शब्दांची कुळं वेगळी आहेत, आणि मोठ्या जनावराच्या शिकारीला कोणती रायफल पुरे पडेल या जुन्या वादाचं मूळ मला तिथंच दिसतं.

कॅलिबर इंग्रजीत आला फ्रेंचमधून. बहुतेक कोशकार त्याच्यामागे अरबी ‘कालिब’ म्हणजे साचा धरतात, आणि त्याही मागे ग्रीकमधला चांभाराचा लाकडी पाय. जबलपूरच्या हिंदीत हा शब्द दुसऱ्या वाटेनं, फारसीतून, कधीच येऊन बसला आहे. जोडा ज्यावर चढवून शिवतात तो ‘कालबूत’. साच्याचा प्रश्न एकच असतो, यात काय बसेल? किती जोरानं लागेल, हे साचा सांगत नाही.

बोअरचं गणित वजनाचं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. ती गोळी साधारण ३८ ग्रॅमची, आठ बोअरची ५७ ग्रॅमची. आकडा उतरला की गोळी चढते. (आपली ‘बंदूक’सुद्धा गोळीवरूनच आली आहे. अरबी ‘बुंदुक’ म्हणजे एक गोल कवचाचं फळ, मग गोळी, मग ती उडवणारं हत्यार.) ठासणीच्या काळातल्या शिकाऱ्याला म्हणूनच नळीचं नाव ऐकूनच कळायचं की रानगव्याच्या अंगात किती शिसं जाणार.

सातपुड्याच्या रानांवर ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ (१८७१) लिहिणारा कॅप्टन जेम्स फोर्सिथ याच वजनाचा कैवारी होता. मंद पिळाच्या मोठ्या नळीतून भरपूर दारूनं मारलेली गोल गोळी वाघ-गव्याला उत्तम, असं तो हिरिरीनं मांडायचा.

पुढे गोळ्या लांबट झाल्या आणि नळी इंचाच्या हजारांशांत मोजू लागले. ‘बोअर’ या शब्दानं वजन टाकून दिलं ते तेव्हा. ७.६२ मिलिमीटर हे माप जुन्या टोकारेव्ह पिस्तुलाचंही आहे, कलाश्निकोव्हचंही आहे आणि .३०-०६ रायफलीचंही. भोक तेच, पण गोळीची ऊर्जा साधारण ५००, २००० आणि ३८०० जूल. नुसतं ‘कोणतं कॅलिबर?’ विचारणाऱ्याला म्हणूनच खरं उत्तर देता येत नाही. गोळीचं वजन, वेग आणि घडण विचारावी लागते.

कायद्याला मात्र हवा होता तो साचाच. बंडखोरांना मार्टिनी-हेन्री या फौजी रायफलीसाठी गोळ्या मिळू नयेत म्हणून इंग्रज सरकारनं १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात .४५० च्या शिकारी रायफली बंद केल्या. इंग्लंडच्या बंदूककारांनी मग .४७०, .४६५ अशी नवी मापं काढली. ती गव्याच्या हाडाकडे बघून नव्हे, सरकारी मनाईकडे बघून. आपल्या .३१५ ची कथाही याच जातीची. फौजेच्या .३०३ ची काडतुसं नागरिकांच्या रायफलीत बसू नयेत, हे तिच्यामागचं कारण. ‘प्रतिबंधित बोअर’ असं आपण म्हणतो खरं, पण मोजतो कॅलिबर.

त्या .३१५ ची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे सोळा ग्रॅमच्या आसपास. बारा बोअरच्या गोल गोळीच्या निम्म्याहूनही कमी. हरणाला ती भरपूर होती. टनभर वजनाच्या गव्यासमोर अपुरी, आणि ‘तीन सौ पंद्रह’ या आकड्यात तसं सांगणारं काहीच नव्हतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न मिटला. परवान्यावर आकडा अजून तोच लिहितात.