इस्तिकलाल : इंडोनेशियाची राष्ट्रीय मशीद
जकार्तातील या मशिदीच्या अरबी नावाचा अर्थच ‘स्वातंत्र्य’ असा आहे. डच राजवटीतून मुक्त झाल्याच्या कृतज्ञतेपोटी ती उभारण्यात आली. स्पर्धेतून निवडला गेलेला आराखडा मात्र फ्रेडरिक सिलाबान या ख्रिस्ती वास्तुविशारदाचा होता. जुन्या डच किल्ल्याची, कॅथेड्रलसमोरील जागा अध्यक्ष सुकार्नो यांनी आग्रहाने निवडली. २४ ऑगस्ट १९६१ रोजी पायाभरणी झाली. राजकीय उलथापालथीत काम रेंगाळले आणि उद्घाटन २२ फेब्रुवारी १९७८ रोजी सुहार्तो यांच्या हस्ते झाले. वास्तूत अलंकरण अत्यल्प आहे. बारा स्तंभांनी पेललेल्या मुख्य घुमटाचा ४५ मीटर व्यास १९४५ च्या स्वातंत्र्यघोषणेचे स्मरण देतो. मनोरा एकच, एकेश्वरत्वाचे प्रतीक. मशीद व कॅथेड्रल यांना जोडणारा भुयारी मार्ग डिसेंबर २०२४ मध्ये खुला झाला.