भाकरी आणि पदवी

मुलाची गुणपत्रिका आपण बारकाईने पाहतो. त्याच्या ताटात काय असते, याची चौकशी मात्र क्वचितच करतो. वास्तविक आपल्याकडील उच्च शिक्षणाचा इतिहास चाळला, तर ताट आणि पुस्तक यांची फारकत कधीच झालेली दिसत नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्या काळी पुण्यात शिकायला येणारी गरीब ब्राह्मण मुले माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. एखादा वार रिकामा राहिला की त्या दिवशी उपवास ठरलेला! पण निदान त्यांना वार तरी होते. इतर समाजांतील मुलांना तेवढाही आधार नव्हता.

लोकमान्य टिळक १८७३ साली डेक्कन कॉलेजात दाखल झाले, तेव्हा त्यांची प्रकृती अशक्त होती. पहिले वर्ष त्यांनी अभ्यासापेक्षा व्यायाम आणि आहार यांनाच दिले. पुढे १८७७ साली ते बी. ए. झाले. शरीर कमावण्यात गेलेले वर्ष वाया गेले, असे कोण म्हणेल?

परदेशी गेलेल्यांचीही पहिली परीक्षा ताटावरच झाली. गांधीजी १८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. मांसाहार न करण्याचे वचन त्यांनी आईला दिले होते. रोज दहा-बारा मैल पायपीट करून ते स्वस्त खाणावळीत पाव खात, तरी तृप्ती होत नसे. अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडले, तेव्हा कोठे पोट भरले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० साली पुन्हा लंडनला गेले, तेव्हा पैशाची फार ओढाताण होती. सकाळी थोडासा पाव खाऊन ते दिवसभर ग्रंथालयात बसत आणि रात्री पापडावर भूक भागवत.

ही माणसे असामान्य होती. सामान्य मुलगा उपाशी पोटी शिकत नाही, तो शिक्षण सोडून घरी परततो. हे ओळखूनच राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांना आश्रय दिला. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी आणि १९०६ साली मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगची सोय झाली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगमधील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही मोडले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेथील गरीब विद्यार्थी ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने स्वकष्टाची भाकरी खाऊन पदवीधर झाले.

आता वसतिगृहे वाढली, शिष्यवृत्त्या आल्या. मग प्रश्न मिटला काय? शहरात शिकणारा माझा एक जुना विद्यार्थी सुट्टीत भेटायला आला. त्याच्या गळ्याखालची हाडे दिसत होती. घरून येणारे पैसे पुरावेत म्हणून तो एकवेळच जेवत होता आणि घरी मात्र ‘मेस चांगली आहे’ असे कळवत होता. त्याच्या खोलीतील सोबत्याचे वजन मात्र वडापाव आणि थंड पेये यांमुळे वाढतच चालले होते. एकाच खोलीत दोन्ही टोके!

वजन योग्य आहे की नाही, हे ताडण्याचे एक साधे गणित आहे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. बेल्जियमच्या केटले या विद्वानाने हे सूत्र १८३२ साली मांडले. प्रौढांचा भागाकार १८.५ च्या खाली आला तर वजन कमी आणि भारतीयांच्या बाबतीत २३ किंवा त्याहून अधिक आला तर जास्त समजतात. म्हणजे १६५ सेंटिमीटर उंचीच्या तरुणाचे वजन सुमारे ५० ते ६२ किलो असावे.

पालकांना आणि संस्थाचालकांना माझी एवढीच विनंती आहे. फी माफ करताना त्या मुलाच्या दोन वेळच्या जेवणाचीही चौकशी करावी. आणि मुलाचा फोन आला, की ‘किती गुण पडले?’ या प्रश्नाआधी ‘आज काय जेवलास?’ असे अवश्य विचारावे.