नौकाविहार, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील

तलाव, जलाशय व खाड्या यांच्या संथ पाण्यावर करमणुकीसाठी होडीतून केलेला फेरफटका म्हणजे नौकाविहार. सिंधुदुर्ग जिल्ह्याला नौकानयनाची परंपरा मोठी असली, तरी करमणुकीचा नौकाविहार येथे अलीकडचा आहे. खाडीकाठच्या गावांना होडी ही नित्याच्या दळणवळणाची वस्तू होती. कर्ली, गड, तेरेखोल यांसारख्या नद्यांवर पूल होईपर्यंत माणसे, गुरे व बाजारहाट तरीतून पलीकडे जात. मुंबईचे चाकरमानी आगबोटीने मालवण, वेंगुर्ले या बंदरांत उतरत आणि तेथून पडावाने किनाऱ्याला लागत. पाणी हा ज्यांचा रस्ताच होता, त्यांना त्यावर सहज म्हणून फिरून येण्याची कल्पना सुचणे कठीण होते. रत्नागिरी जिल्ह्यातून १ मे १९८१ रोजी हा जिल्हा वेगळा झाला, ओरोस येथे सिंधुदुर्गनगरी हे मुख्यालय वसले, १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून त्याची घोषणा झाली व १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. सुटीत कुटुंबासह येणारा प्रवासी येथे मोठ्या संख्येने दिसू लागला तो या घटनांनंतर. सिंधुदुर्गनगरीहून तो पश्चिमेस मालवणकडे वा दक्षिणेस कुडाळ–सावंतवाडीकडे वळतो आणि मुलाबाळांना होडीत बसविण्याजोगे पाणी कोठे आहे, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो.

या प्रश्नाचे उत्तर पाण्याच्या इतिहासात शोधावे लागते. कोकणात मोठी नैसर्गिक सरोवरे नाहीत. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचे अंतर थोडे, उतार तीव्र आणि जमिनीवर जांभ्याचा थर. त्यामुळे पावसाळ्यात मुबलक पडलेले पाणी वाहून वा झिरपून जाते व फाल्गुन–चैत्रात विहिरी तळ गाठतात. येथील प्रत्येक तलाव माणसाने दोन टेकड्यांमधील घळ अडवून मुद्दाम घडविलेला आहे आणि तो घडविताना नौकाविहाराचा विचार कोणीही केलेला नव्हता. शेती, पिण्याचे पाणी, राजवाड्याची शोभा किंवा वीज यांसाठी तो बांधला गेला. त्याची खोली, काठाचा उतार, उन्हाळ्यात उरणारे पाणी आणि त्यावर प्रथम हक्क कोणाचा, या साऱ्या गोष्टी त्या मूळ हेतूने ठरलेल्या आहेत.

मालवण तालुक्यातील धामापूरचा तलाव हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. कुडाळहून नेरूर पारमार्गे मालवणला जाणाऱ्या रस्त्यावर, दाट झाडीच्या टेकड्यांमध्ये हा तलाव आहे. विजयनगरचा मांडलिक नागेश देसाई याने तो १५३० मध्ये बांधला, असे परंपरा सांगते. गोव्यात पोर्तुगीजांना येऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती व या भागात विजापूरच्या आदिलशाहीचा अंमल पोहोचला होता. तेव्हा विजयनगरचे मांडलिकत्व त्या वेळी प्रत्यक्षात कितपत उरले होते, याविषयी शंकेला जागा आहे. बांधाची स्थापत्यदृष्टी मात्र निर्विवाद आहे. सु. ११ मी. उंच व सु. २७० मी. लांब अशा मातीच्या बांधाने एका अरुंद घळीचे तोंड बंद केले असून मागच्या टेकड्यांवरील जंगल पाणलोट क्षेत्र म्हणून उपयोगी पडते. हे जंगल टिकून राहिल्याने तलावात गाळ कमी उतरला आणि जवळजवळ पाच शतकांनंतरही तो वापरात आहे. खालच्या अंगाची शेती व बागायत त्यावर भिजते, तसेच मालवण शहराला पिण्याचे पाणीही येथून पुरविले जाते. आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तूंच्या यादीत स्थान दिले. हा मान मिळविणारी महाराष्ट्रातील ही पहिली वास्तू होय.

काठावर भगवतीचे मंदिर आहे. गावात लग्नकार्य निघाले की फुलांची परडी पाण्यावर सोडून देवीकडे दागिने मागावेत, ते तलावातून वर यावेत व कार्य उरकल्यावर परत करावेत, अशी प्रथा पूर्वी होती आणि कोणा एकाने दागिने परत न केल्यामुळे ती बंद पडली, अशी आख्यायिका येथे सांगतात. अशा कथा इतर काही जुन्या तलावांबद्दलही ऐकू येतात. तलाव ही सर्व गावाची सामाईक ठेव असून त्यातून घेतलेले परत करावे लागते, ही जाणीव त्यांमागे स्पष्ट दिसते.

नौकाविहाराच्या दृष्टीने धामापूरचे गुण पुष्कळ आहेत. टेकड्यांच्या आडोशामुळे वारा अडतो, प्रवाह नाही, भरती-ओहोटी नाही, पाणी स्वच्छ व सावली भरपूर. येथे वल्ह्यांच्या व पायडलच्या नौकांची सोय वेळोवेळी झाली आहे. एक गोष्ट मात्र नवख्या प्रवाशाच्या लक्षात येत नाही. बांध घालून केलेल्या कोणत्याही तलावात पाणी वरच्या टोकाला उथळ व बांधाजवळ सर्वांत खोल असते आणि मंदिर, पायऱ्या, होडीचा धक्का हे सारे बहुधा बांधाच्याच बाजूला असते. म्हणजे मुले जेथे पाण्यात पाय सोडून बसतात, त्या ठिकाणापासून थोड्या अंतरावर तलावाची कमाल खोली सुरू होते. काठ निवांत दिसला, म्हणून पाणी उथळ असेल असे समजणे चुकीचे ठरते.

सावंतवाडीचा मोती तलाव वेगळ्या हेतूचा. राजवाड्यासमोरील हा तलाव १८७४ मध्ये बांधण्यात आला. भोवती रस्ता, बांधीव काठ व शहराची वस्ती असल्याने मदत हाकेच्या अंतरावर असते. लहान मुले बरोबर असणाऱ्या कुटुंबाला तासाभराच्या फेरीसाठी हे पाणी सोयीचे. सृष्टिसौंदर्याची तुलना धामापूरशी करू नये. दोडामार्ग तालुक्यातील तिलारीचा जलाशय याउलट महाराष्ट्र व गोवा या राज्यांच्या संयुक्त प्रकल्पाचा असून तो विस्तीर्ण आहे. तेथील निकष निराळे आहेत.

राज्याच्या इतर भागांतही नौकाविहाराच्या तलावांचा इतिहास असाच आहे. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव साताऱ्याचे छत्रपती अप्पासाहेब महाराज यांनी १८४२ मध्ये गावाच्या पाण्यासाठी बांधविला आणि पुढे तो थंड हवेच्या ठिकाणच्या सहलीचा अविभाज्य भाग बनला. नागपूरचा अंबाझरी (१८७०) व मुंबईचा पवई (१८९१) हे दोन्ही शहरांच्या पाणीपुरवठ्यासाठीच झाले. पवईचे पाणी पुढे पिण्यास अयोग्य ठरले व तो तलाव गळाने मासे धरणाऱ्या हौशी मंडळींकडे गेला. आज तेथे मगरींचाही वावर आहे. पुण्यात १८६८ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी स्थापलेला बोट क्लब आणि १९२८ पासूनचा अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब यांनी मुळा–मुठेच्या बंधाऱ्यामागे साठलेल्या पाण्याचा उपयोग करून वल्हविण्याच्या खेळाला शिस्त दिली. हा खेळ मात्र सराव केलेल्यांचा. कुटुंबाच्या सहलीशी त्याचा संबंध थोडा.

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाची कथा अधिक करुण आहे. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात धरण भरले, खोऱ्यातील गावे उठली आणि काठावर उरलेल्या वस्त्यांना बाजार, शाळा व दवाखाना यांसाठी लाँचवाचून मार्ग राहिला नाही. तापोळा व बामणोली येथे प्रवाशांना आज फिरविणाऱ्या नौकांचे मूळ या विस्थापितांच्या दळणवळणात आहे. अशा मोठ्या जलाशयात पाण्याची पातळी वर्षभरात बरीच खालीवर होते. उन्हाळ्यात काठाचा चिखल उघडा पडतो, तर बुडालेल्या झाडांचे बुंधे व घरांच्या भिंती पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येतात. ती जागा ठाऊक असलेला स्थानिक नावाडी येथे नौकेपेक्षाही महत्त्वाचा असतो.

लहान व मोठ्या पाण्यातील खरा भेद वाऱ्याचा आहे. वाऱ्याला पाण्यावरून जितके लांब अंतर मोकळे मिळते, तितक्या लाटा उंच होतात. टेकड्यांत दडलेल्या धामापुरात जो वारा केवळ तरंग उठवितो, तोच कित्येक किलोमीटर पसरलेल्या धरणाच्या पाण्यावर होडी उलथवू शकतो. शाळांची सुटी मे महिन्यात येते व वळवाची वादळेही त्याच महिन्यात, बहुधा दुपारनंतर येतात. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी उजनी जलाशयात कुगाव–कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात सापडून प्रवासी होडी उलटली व सहा जण बुडाले. त्यांत एका कुटुंबातील आईवडील व त्यांची दोन लहान मुले होती. त्याआधी २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांना घेऊन परतणारी नौका बुडून दोघांचा मृत्यू झाला होता. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात मासेमारीच्या लहान होडीत ११ तरुण चढले, त्यांपैकी आठ जण वाचू शकले नाहीत. पहिल्या दोन घटनांतील तारखांची जवळीक लक्षात घेण्याजोगी आहे. मे महिन्यात सकाळची फेरी पसंत करणे आणि पश्चिमेस वा घाटाकडे ढग दाटताच काठ गाठणे, ही सवय मालवणच्या नाखव्यांना सांगावी लागत नाही. सुटीला आलेल्या कुटुंबाला मात्र ती शिकावी लागते.

सिंधुदुर्गात येणारी बहुसंख्य कुटुंबे प्रत्यक्षात तलावाकडे न वळता तारकर्ली–देवबाग येथे कर्लीच्या खाडीत नौकाविहार करतात. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला नदी व मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी अशी ही रचना नयनरम्य आहे. आतल्या भागात दोन्ही काठांना माड व खारफुटी असून पाणी संथ असते. देवबागच्या मुखाशी, जेथे नदी समुद्राला मिळते, तेथे परिस्थिती एकदम पालटते : ओहोटीचे बाहेर जाणारे पाणी व समुद्राची आत येणारी लाट समोरासमोर भिडतात, वाळूचे दांडे जागा बदलतात आणि दुपारी खारे वारे जोर धरतात. त्यामुळे खाडीची निवड करताना ठिकाणाइतकाच भरतीच्या वेळेचा विचार करावा लागतो. तलावाला ही अडचण नाही आणि अगदी लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असताना तलावच श्रेयस्कर ठरतो, तो यामुळेच.

नौकांच्या नियमनाचा कायदाही हळूहळू विस्तारला. १९१७ चा अंतर्देशीय नौकांचा कायदा प्रामुख्याने यांत्रिक नौकांपुरता होता. त्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या कायद्याने यंत्राविना चालणाऱ्या नौकांचीही दखल घेतली. नोंदणी, तपासणी, प्रवासीसंख्येची मर्यादा व जीवरक्षक जाकिटे यांची व्यवस्था ज्या धक्क्यावर डोळ्यांना दिसते, तो धक्का निवडणे हे चांगला तलाव निवडण्याइतकेच महत्त्वाचे. जाकीट मुलाच्या मापाचे असावे लागते. मोठ्याचे जाकीट लहान मुलाच्या अंगातून पाण्यात निसटून जाते.

सुरक्षिततेच्या बरोबरीने पाण्याच्या मूळ हक्काचा प्रश्न उरतो. इंग्लंडमधील विंडरमिअर सरोवरात २००५ पासून वेगमर्यादा लागू झाली व तेथील वेगवान यांत्रिक नौकांचे खेळ बंद पडले. दीर्घकाळच्या वादानंतर शांततेच्या बाजूने तो निर्णय झाला होता. धामापूरसारख्या तलावाबाबत हा विचार अधिकच लागू पडतो. यांत्रिक नौकेचे तेल पिण्याच्या पाण्यात उतरते, लाटांनी मातीचा बांध झिजतो व काठच्या झाडीतील पक्षी उठून जातात. वल्ह्याच्या किंवा पायडलच्या होडीने यांपैकी काहीच होत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस, प्रवाशांची गर्दी शिगेला पोहोचते त्या दिवसांत, तलावाची पातळी वर्षातील सर्वांत खाली आलेली असते आणि पहिला पाऊस पडेपर्यंत मालवणच्या नळांना त्याच पाण्याचा आधार असतो.