साडी, सोने आणि समभाग

बेंगळुरूच्या चिकपेट परिसरात रेशमी साड्यांची दुकानेही आहेत आणि सराफी पेढ्याही. तिथे लग्नाच्या खरेदीला आलेले एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणा. हातातला पैसा आज साडीवर खर्च करावा, की उद्यासाठी सोन्यात ठेवावा? अशा निवडींचा मालमत्तेच्या किमतींशी असलेला संबंध रॉबर्ट ल्यूकस यांनी 1978 मध्ये गणिती रूपात मांडला.

मुद्दा असा : मालमत्ता किती देते एवढेच पाहू नका, केव्हा देते तेही पाहा. चणचणीतला रुपया सुबत्तेतल्या रुपयापेक्षा मोलाचा असतो. म्हणून अडचणीत उपयोगी पडणाऱ्या मालमत्तेवर लोक कमी परतावाही चालवून घेतात. मंदीत घसरणारे समभाग मात्र जास्त परताव्याच्या अपेक्षेनेच घेतले जातात.

आता सोन्याचा इतिहास पाहा. 1963 च्या सुवर्ण नियंत्रणाने 14 कॅरटहून शुद्ध दागिने घडवण्यास बंदी घातली. अनेक सुवर्णकारांचा रोजगार गेला. लोकांची सोन्याची ओढ गेली नाही. सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 मध्ये रद्द झाला. पुढच्याच वर्षी परकीय चलनाच्या टंचाईत खुद्द देशाने सोने गहाण ठेवले.

सिद्धांत मात्र आकड्यांपाशी अडखळला. रजनीश मेहरा आणि एडवर्ड प्रेस्कॉट यांनी 1985 मध्ये अमेरिकेची 1889 ते 1978 ची आकडेवारी तपासली. सुरक्षित रोख्यांपेक्षा समभागांचा परतावा वर्षाला सुमारे 6 टक्क्यांनी जास्त निघाला. लोकांच्या खर्चातील चढउतार मात्र इतके किरकोळ होते, की एवढ्या फरकाचा उलगडा त्यातून होईना.

तुमच्या घरातले सोने कधी गहाण पडले होते, ते आजीला विचारा. ल्यूकस यांचे समीकरण मग सोपे वाटेल.