निळा स्केट व फ्लॅपर स्केट

निळा स्केट (डिप्टुरस बॅटिस) व फ्लॅपर स्केट (डिप्टुरस इंटरमेडियस) हे ईशान्य अटलांटिक महासागरातील, पाकटाच्या नात्यातले चपटे उपास्थिमीन होत. १९२६ मध्ये दोहोंना एकच जात ठरविण्यात आले. २०१० पर्यंत टिकलेला हा घोळ केवळ नावापुरता नव्हता. दोहोंची पकड एकत्र नोंदली गेल्याने फ्लॅपरची घट आकड्यांत झाकली गेली. निळा स्केट सुमारे दीड मीटर, तर फ्लॅपर अडीच मीटरांहून अधिक वाढतो व उशिरा प्रजननक्षम होतो. त्यामुळे अंडी घालण्यापूर्वीच जाळ्यात सापडण्याचा धोका त्याला अधिक. सोपी खूण डोळ्याची: निळ्याचा फिकट पिवळा, फ्लॅपरचा गडद हिरवट. फ्लॅपर मुख्यतः स्कॉटलंडलगत, निळा केल्टिक समुद्रात आढळतो. आययूसीएनच्या यादीत दोन्ही जाती अतिसंकटग्रस्त आहेत.